टाकीतलं पाणी

टिळकवाडीत, दुसऱ्या गेटापाशी घर आमचं.
जुन्या खिडक्यांच्या फटींतून वारा आत यायचा
आणि आपला आपण निघून जायचा.
गेल्या वर्षी स्लायडिंग बसवली, अ‍ॅल्युमिनियमची,
आणि डिसेंबर लागताच काचेला घाम सुटला.

पहाटे उठलो की पहिलं काम,
जुनी बनियन घेऊन काच पुसायची,
वरून खाली, मग खोबणीत बोट घालून
काळं पाणी काढायचं.
तेवढ्यात इकडं चहाचं आधण, तिकडं भात,
आतल्या दोरीवर परशरामची खाकी,
उद्यमबागेतल्या भट्टीची काळी धरलेली,
धुक्याच्या दिवसांत वाळता वाळत नाही,
आणि काच परत पांढरी.

कपाटामागं बुरशी आली.
हिरवट, नकाशासारखी,
हद्द रोज बोटभर सरकलेली.

कॅम्पातल्या पिंटोबाईंनी पियानो विकला
तेव्हा त्याच्या शेजारी उभं असायचं ते यंत्र
कुणालाच नको झालं होतं.
"वीस वर्षं सुरांना ओल लागू दिली नाही यानं,"
म्हणाल्या, "तुमच्या भिंतीला काय लागू देईल?"
अडीच हजार.
रिक्षात मांडीवर घेऊन आलो,
पाच वर्षांच्या पोराएवढं जड.

ईरण्णानं प्लग बदलला आणि सांगितलं:
भिंतीपासनं वीतभर लांब. दार-खिडकी लावून.
थंडी बारावर उतरली की पोटात बर्फ धरतंय,
घाबरायचं नाही, थांबतंय, वितळवतंय, परत सुरू.
लाल दिवा लागला म्हणजे नीर तुंबैत्री,
ओतून यायचं.
इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका अक्का,
दिसतंय स्वच्छ, तसं नसतंय.

पहिल्या सकाळी पावणेदोन लिटर.
तिघांची झोप, रात्रीची आमटी, वाळलेली खाकी,
कस्तुरीनं बारापर्यंत मोठ्यानं पाठ केलेली
बारावीची केमिस्ट्री,
सगळं एका टाकीत, बिनरंगाचं.
काच कोरडी. पलीकडं गेट पडलेलं,
धुक्यातून मालगाडीचे डबे मोजता येत होते.
"आता नाव कुठं काढू?" कस्तुरी म्हणाली.
ती रोज बोटानं लिहायची,
एका तावदानावर मराठीत, दुसऱ्यावर कन्नडात,
नऊ वाजेपर्यंत दोन्ही ओघळून
एकाच खोबणीत.

दिनदर्शिकेवर मी लिटर लिहायला लागलो,
दुधाच्या रतिबाखाली.
पावणेदोन. दीड. दीड.
निपाणीचे पाहुणे राहिले त्या रात्री
दोनदा उठून ओतलं, जास्वंदीला.

ह्या डिसेंबरात कस्तुरी पुण्याला.
सव्वा लिटर.
परशरामला रात्रपाळी लागली, पाऊण.
थंडी तीच, धुकं तेच.
फिल्टर काढून धुतला, कॉइलवरची धूळ ब्रशनं काढली,
शेवटी ईरण्णाला फोन केला, कमी ओढतंय म्हणून.
तो म्हणाला, खोलीत माणसं किती झोपता, अक्का?
मी काही बोललो नाही.

नाताळात ती आली. बॅग टेकवली,
"आंघोळ करून येते" म्हणाली.
येते.
मी जन्मभर येतो, जातो, बसतो म्हणणारी बाई,
माझी आई तशीच, गल्लीतल्या सगळ्या तशाच.
गरम पाणी काढून दिलं.
बाथरूमचं दार तिनं सताड उघडं टाकलं,
वाफ घरभर.
ओरडणार होतो.

त्या रात्री यंत्र लावलंच नाही.
पहाटे काच दुधासारखी.
ती अर्धवट झोपेत खिडकीशी गेली,
बोट उचललं, थांबली,
खोबणीत साठलेलं पाणी बघितलं.
"आई, बनियन कुठाय? मी पुसतो."

दोरीवर, म्हटलं.
वाळली नसेल अजून.